गेम अडला की गाईड कधी उघडावं, खेळायला बसलं की कधी थांबावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाईड (गेममध्ये पुढे कसं जायचं ते सांगणारा लेख, पुस्तक किंवा व्हिडिओ) वापरणं आणि खेळण्याच्या सवयी हे दोन वेगळे विषय वाटतात, पण दोन्हीकडे शेवटी एकच गोष्ट तपासावी लागते: पुढचं पाऊल आपण ठरवून टाकतोय की आपसूक ओढले जातोय? खालचे प्रश्न क्रमाने वाचायची गरज नाही. तुमचा अडलेला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

गाईड बघून खेळणं म्हणजे चीटिंग का?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये अजिबात नाही. फसवणूक व्हायची तर कुणीतरी फसलं पाहिजे, आणि इथे समोर दुसरं कुणी नसतंच.

मुळात गेम बनवणाऱ्यांनीही खेळाडू एकटाच डोकं फोडत बसेल असं धरून चाललेलं नाही. १९८४ मध्ये नामको कंपनीचा 'टॉवर ऑफ ड्रुआगा' हा गेम जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांत, आला. त्यात ६० मजले होते, बहुतेक मजल्यांवर एक दडलेली पेटी होती, आणि ती पेटी बाहेर काढायची अट दर मजल्यावर निराळी होती. ती अट गेममध्ये कुठेच सांगितलेली नव्हती. खेळाडू एकमेकांना विचारत, सापडलेलं वहीत टिपून ठेवत वर चढले. पुढे अमेरिकेत निंटेंडोने फोनवरून खेळाडूंना वाट दाखवणारी माणसं कामाला ठेवली आणि १९८८ मध्ये 'निंटेंडो पॉवर' हे नियतकालिक काढलं. नकाशे आणि युक्त्या हाच त्याचा जीव होता, आणि ते २०१२ पर्यंत चाललं. म्हणजे अडल्यावर दुसऱ्याला विचारणं ही गेमइतकीच जुनी रीत आहे.

ऑनलाइन स्पर्धेत मात्र रेघ स्पष्ट आहे. गाईड वाचून, दुसऱ्यांचे सामने बघून तयारी करणं म्हणजे अभ्यास. आपोआप नेम धरणारं किंवा भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवणारं सॉफ्टवेअर लावणं म्हणजे फसवणूक, कारण तिथे समोर खरा माणूस बसलेला असतो.

मग गाईड नेमकं उघडायचं कधी?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अडण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना एकच उपाय लागू पडत नाही.

पहिला प्रकार: काय करायचं तेच कळलेलं नाही. कोडं समोर आहे, सगळे तुकडे हातात आहेत, पण जुळत नाहीत. इथे गाईड जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा. कोडं सुटतं त्या क्षणीचा आनंद एकदाच मिळतो आणि उत्तर वाचून टाकलं की तो परत मिळवायचा कुठलाच मार्ग उरत नाही. उठा, दुसरं काहीतरी करा, शक्य असेल तर एक झोप काढून मग या. एकाच चुकीच्या कल्पनेला डोकं चिकटून बसलेलं असतं, आणि ते सुटायला वेळच लागतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर उत्तर नको, इशारा घ्या. तो कसा घ्यायचा ते पुढच्या प्रश्नात आहे.

दुसरा प्रकार: काय करायचं ते कळलंय, हाताला जमत नाहीये. बॉसचा, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूचा, तिसरा वार दर वेळी अंगावर बसतो. इथे गाईड बिनधास्त वाचा. 'तो खांदा मागे नेईल तेव्हा बाजूला उडी मारा' हे वाचलं तरी उडी तुम्हालाच मारायची आहे, आणि तीही नेमक्या क्षणी. अशा गाईडने खेळाडूचं काहीही हिरावलं जात नाही. उलट चुकीच्या पद्धतीचा सराव तासन्‌तास करण्यापेक्षा बरोबर पद्धत कळलेली केव्हाही चांगली.

तिसरा प्रकार: गेमने सांगायला हवं होतं ते सांगितलेलंच नाही. 'माइनक्राफ्ट' २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, पण कुठल्या वस्तू कशा मांडल्या की काय तयार होतं हे दाखवणारं पुस्तक गेममध्ये आलं २०१७ मध्ये. मधली सगळी वर्षं बहुतेक खेळाडूंनी ही माहिती बाहेरूनच मिळवली. एखाद्या चिन्हाचा अर्थ, एखाद्या आकड्याचा परिणाम, मेनूत दडलेलं बटण असं काही शोधायचं असेल तर संकोच नको. लगेच बघा.

आपण कुठल्या प्रकारात आहोत हे ओळखायला माझा एकच आग्रह असतो: गाईड उघडण्याआधी प्रश्न एका पूर्ण वाक्यात मांडा. 'पुढे काय?' हा प्रश्न झाला नाही. 'उत्तरेकडच्या दाराची किल्ली याच इमारतीत आहे का?' हा प्रश्न झाला. वाक्य जुळवता जुळवताच पुष्कळदा उत्तर सुचतं. नाही सुचलं तर निदान काय शोधायचं ते पक्कं असतं, आणि मिळालं की गाईड बंद करता येतं. प्रश्न न ठरवता उघडलेलं गाईड शेजारच्या खिडकीत तसंच उघडं राहतं आणि मग पुढचा सगळा गेम त्याच्याच बोटाला धरून चालतो.

पूर्ण उत्तर न कळता नुसता इशारा कसा मिळवायचा?

यावर गेमविश्वाने फार पूर्वीच सुंदर तोडगा काढला होता. १९८०च्या दशकात 'झॉर्क'सारखे शब्दांवर चालणारे गेम काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने 'इन्व्हिजिक्लूज' नावाच्या पुस्तिका काढल्या. प्रश्न साध्या शाईत छापलेले, उत्तरं अदृश्य शाईत. सोबतच्या पेनाने घासलं की एकेक ओळ उमटायची. पहिली ओळ नुसती दिशा दाखवणारी, पुढची जरा स्पष्ट, शेवटची थेट उत्तर. गंमत म्हणजे त्यांत काही प्रश्न मुद्दाम खोटे घातलेले असायचे, म्हणजे नुसती प्रश्नांची यादी चाळून गेममध्ये पुढे काय आहे ते फुटू नये. वाचणाऱ्याच्या आनंदाची इतकी काळजी घेणारं गाईड मला तरी दुसरं दिसलेलं नाही. १९८८ मध्ये आलेली 'युनिव्हर्सल हिंट सिस्टिम' याच तत्त्वावर चालायची: विचाराल तेवढंच उघडेल.

आज असं गाईड आयतं मिळालं नाही तरी तसं वापरता येतं. वॉकथ्रू, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतची वाट सांगणारं गाईड, वरून खाली वाचत जाऊ नका, पानावर शोध घेऊन नेमका शब्द गाठा आणि खालचा भाग झाकून एक वाक्य वाचा. त्याहून चांगला उपाय म्हणजे गेम संपवलेला मित्र. त्याला फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलायची अट घाला. 'मी बरोबर खोलीत आहे का?' एवढ्याचं 'हो' मिळालं तरी उरलेलं कोडं तुमचंच राहतं.

लेख वाचावा की व्हिडिओ बघावा?

हालचाल आणि वेळ साधण्याचा मामला असेल तर व्हिडिओ. उडी कुठून घ्यायची, वार कधी चुकवायचा हे चार परिच्छेद वाचून समजत नाही, दहा सेकंदांत बघून समजतं.

बाकी सगळ्याला लेख. व्हिडिओत हवी ती जागा शोधताना नको ते दिसून जातं, आणि अनेकदा व्हिडिओच्या चित्रातच शेवटचा बॉस छापलेला असतो. लेखात शोधता येतं, थांबता येतं, झाकता येतं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'गेमफॅक्स' या वेबसाइटवर खेळाडूंनी साध्या टंकलिखित अक्षरांत लिहिलेली गाईडं आहेत. कित्येकांत नकाशेसुद्धा रेघा आणि अक्षरं जोडून काढलेत. चित्र नाही, रंग नाही, पण अनुक्रमणिकेत सांकेतिक अक्षरं दिलेली असतात आणि ती शोधली की थेट त्या प्रकरणावर पोचता येतं. जुन्या गेमसाठी आजही पहिल्यांदा तिथेच बघावं असं मी सांगेन.

छापील गाईड आता का मिळत नाहीत?

प्रिमा ही कंपनी १९९० पासून आणि ब्रेडीगेम्स १९९३ पासून गाईडची पुस्तकं काढत होत्या. २०१५ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि २०१९ मध्ये पुस्तकांचं काम थांबलं. इंटरनेटवर सगळं फुकट मिळायला लागलं हे एक कारण. दुसरं कारण असं की गेम आता विक्रीला आल्यावरही बदलत राहतात, आणि छापलेलं पान बदलता येत नाही.

मधल्या काळात एक विचित्र प्रयोगही झाला. २०००च्या 'फायनल फँटसी ९'च्या अधिकृत गाईडमध्ये ठिकठिकाणी पूर्ण माहितीऐवजी एक सांकेतिक शब्द छापला होता. तो वेबसाइटवर टाकला की उरलेलं वाचायला मिळायचं. पुस्तक विकत घेऊनही पुन्हा संगणकापुढे बसायचं, म्हणून खेळाडू चिडले आणि ते गाईड आजही नावं ठेवण्यासाठीच आठवलं जातं.

तरीही काही मोजकी सुबक छापील गाईडं अजून निघतात. ती हाताशी ठेवून खेळण्यापेक्षा गेम संपल्यावर चाळण्यात जास्त मजा आहे. ज्या जगात इतका वेळ घालवला, त्याचे नकाशे आणि चित्रं निवांत बघता येतात.

गाईडमध्ये लिहिलंय ते खरं कशावरून मानायचं?

आधी तीन गोष्टी बघा: गेमची कुठली आवृत्ती, कुठली डिफिकल्टी (गेम किती अवघड ठेवलाय), कुठला प्लॅटफॉर्म (गेम कुठल्या यंत्रावर चालतोय). 'लीग ऑफ लेजंड्स'सारख्या गेममध्ये साधारण दोन आठवड्यांनी पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी दुरुस्ती, येतो, त्यामुळे वर्षभरापूर्वीचा सल्ला तिथे शिळा झालेला असतो. आवृत्तीचा उल्लेखच नसलेलं गाईड जपून वापरावं.

दुसरं, लिहिणाऱ्याने स्वतः करून बघितलंय का? एकाच्या तोंडची गोष्ट दुसऱ्याने उचलायची, दुसऱ्याची तिसऱ्याने, असं होत होत अफवा गाईडमध्ये जाऊन बसते. पोकेमॉनच्या सुरुवातीच्या गेममध्ये बंदरावर उभ्या असलेल्या ट्रकखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन सापडतो, ही गोष्ट जगभर पसरली होती. ट्रक खरोखर आहे, त्याखाली काहीही नाही. १९९२ मध्ये एका अमेरिकन गेम मासिकाने एप्रिलच्या अंकात 'स्ट्रीट फायटर २'मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त लढवय्या असल्याचं थट्टेत छापलं आणि त्याला गाठायची जवळजवळ अशक्य अट दिली. लोकांनी ती अट पुरी करण्यात कितीतरी वेळ घालवला.

तिसरी गोष्ट थोडी वेगळी. गाईडमधलं 'हे अशक्य आहे' म्हणजे पुष्कळदा 'आजवर कुणाला जमलेलं नाही' एवढंच असतं. १९८९चा निंटेंडोवरचा 'टेट्रिस' घ्या. २९व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हाच शेवट असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. मग काहींनी बटण दाबून न धरता अतिशय जलद टिचक्या मारायला सुरुवात केली, पुढे काहींनी कंट्रोलरच्या पाठीवर बोटं ओळीने आपटून त्याहूनही वेग साधला. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाने गेम १५७व्या लेव्हलपर्यंत नेला, आणि तिथे गेमच गोठला. खेळाडूने नव्हे, यंत्राने हात टेकले.

एखादी वस्तू कायमची चुकेल या भीतीने मी पहिल्यापासूनच गाईड उघडं ठेवतो. ते बरोबर आहे का?

भीती समजण्यासारखी आहे. २००६च्या मूळ 'फायनल फँटसी १२'मध्ये झोडिअॅक स्पीअर हा जबरदस्त भाला हमखास मिळवायचा तर गेममधल्या चार ठरावीक पेट्या उघडायच्याच नाहीत अशी अट होती, आणि कुठल्या चार याचा गेममध्ये मागमूसही नव्हता. पेटी दिसली की उघडायची हे तर गेमनेच शिकवलेलं. नंतरच्या आवृत्त्यांत ही अट राहिली नाही, हे बरंच झालं.

पण अशा एका भाल्यासाठी पन्नास-साठ तासांचा प्रवास यादीवर खुणा करत करायचा, हा सौदा मला महाग वाटतो. पहिल्या खेपेला जे मिळेल ते आपलं, जे सुटेल ते सुटलं. फारच हुरहुर लागत असेल तर कथा न फोडणारी, फक्त 'या टप्प्याच्या पुढे गेलात तर मागे येता येणार नाही' एवढंच सांगणारी यादी शोधा. बहुतेक मोठ्या गेमसाठी कुणीतरी ती केलेली असते. सगळं गोळा करायचंच असेल तर दुसरी खेप आहेच, आणि तेव्हा गाईड शेजारी ठेवून खेळण्यात खरोखर मजा येते.

'बेस्ट बिल्ड' आहे तशी उचलावी का?

बिल्ड म्हणजे पात्राची शस्त्रं, कौशल्यं वगैरेंची निवडलेली जुळणी. संघात खेळत असाल आणि बाकीचे तुमच्यावर अवलंबून असतील तर उचला, निदान सुरुवातीला. इतरांचा वेळही त्यात गुंतलेला असतो.

एकट्याने खेळताना आधी विचारा: 'बेस्ट' कशासाठी? बहुतेक बिल्ड सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त नुकसान करण्यासाठी मांडलेल्या असतात, आणि त्या मांडणाऱ्यांचे हात अत्यंत तयार असतात. एक फटका बसला की मरणारी बिल्ड कधीच फटका न खाणाऱ्याला उत्तम, तुम्हाला कदाचित नाही. शिवाय बिल्ड उचलली की तिच्यामागचं कारण सोबत येत नाही. पॅच आला, एक आकडा बदलला, की पुन्हा नवीन गाईड शोधत फिरावं लागतं.

उचलायचीच असेल तर एक करा. तिच्यातली एक गोष्ट काढून तिच्या जागी स्वतःच्या आवडीची गोष्ट घाला आणि काय बिघडतं ते बघा. त्यातून बिल्ड समजते. दोन-तीनदा असं केलं की पुढची तुम्हीच रचता.

वस्तू मिळण्याची शक्यता १ टक्का आहे. म्हणजे शंभरदा प्रयत्न केला की मिळणारच ना?

नाही. गाईडमधला हा सर्वांत चुकीचा वाचला जाणारा आकडा. प्रत्येक प्रयत्न नव्याने होतो, आधीचे गेममध्ये जमा होत नाहीत. शंभर प्रयत्नांत निदान एकदा मिळण्याची शक्यता साधारण ६३ टक्के असते. म्हणजे शंभर खेळाडूंनी शंभर-शंभर प्रयत्न केले तर त्यांतले ३७ जण रिकाम्या हातानेच राहतील. ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे तीनशे प्रयत्नांची तयारी ठेवावी लागते. 'आता इतका वेळ घातलाय, सोडायचं कसं' ही ओढ इथूनच सुरू होते, म्हणून हे गणित बसण्याआधी करावं.

काही गेम ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तूची हमी देतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये पाच तारे असलेलं पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि नव्वदाव्या प्रयत्नाला पंचतारांकित काहीतरी मिळतंच. पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. पैसे घालून असे प्रयत्न करणार असाल तर रक्कम आधी ठरवून लिहून ठेवा. ऐन वेळी ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते.

आणि पडद्यावरचा आकडा दर वेळी खराच असतो असंही नाही. 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२ पासूनचे अनेक गेम दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी धरायचे. त्यामुळे वार लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवली की प्रत्यक्षात ती ९८च्या आसपास असायची. माणसाला '९०' म्हणजे 'लागणारच' असं वाटतं, आणि गेम त्या वाटण्याला सांभाळून घेत होता.

डिफिकल्टी कमी केली तर गेम खरा पूर्ण केला असं म्हणता येईल का?

येईल. २००९च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एकाच लेव्हलमध्ये आठ वेळा मेलात की हिरवा ठोकळा येतो, आणि तो वापरला तर मारिओचा भाऊ लुईजी ती लेव्हल पार करून दाखवतो. 'सेलेस्ट'मध्ये (२०१८) वेग कमी करण्यापासून अमर होण्यापर्यंतची सोय आहे. 'हेडीस'मध्ये गॉड मोड लावला तर सुरुवातीला २० टक्के कमी इजा होते आणि प्रत्येक मरणागणिक ही सवलत दोन टक्क्यांनी वाढत ८० पर्यंत जाते. बनवणाऱ्यांनी स्वतः ठेवलेली दारं आहेत ही. खुशाल वापरा.

गाईड मुळीच उघडू नये असे गेम कुठले?

ज्यांत तुमची ताकद वाढत नाही, फक्त माहिती वाढते, असे. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये (२०१९) कुठलंही हत्यार मिळत नाही, लेव्हल वाढत नाही. शेवटापर्यंत जायला लागणारं सगळं पहिल्या मिनिटापासून हातात असतं, नसतं ते फक्त ज्ञान. गाईड वाचणं म्हणजे तिथे गेमच वाचून टाकणं. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये (२०१८) जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि तीन जणांची माहिती बरोबर भरल्याशिवाय गेम काहीच कबूल करत नाही, म्हणजे अंदाजपंचे चालत नाही. 'ट्यूनिक'ने (२०२२) तर कमालच केली. गेमचं माहितीपुस्तकच फाटून पानं जगभर विखुरलेली, आणि त्यातला बराचसा मजकूर अनोळखी लिपीत. गाईड मिळवणं हाच गेम.

असे गेम अडले तर दिवस जाऊ द्या, महिना जाऊ द्या. मित्राला विचारलंत तरी फक्त कुठे बघायचं तेवढंच विचारा.

स्वतःच्या नोंदी ठेवून काही उपयोग होतो का?

फार होतो, आणि हा उपाय लोक सर्वांत कमी वापरतात. एक वही, एक पेन. बंद असलेली दारं, न कळलेली चिन्हं, कुणीतरी सहज बोललेलं वाक्य, 'इथे परत यायचं' अशा जागा. संगणकावरच्या जुन्या भुयारी गेमचे नकाशे खेळाडू चौकटीच्या कागदावर स्वतःच काढत. २००७च्या 'एट्रियन ओडिसी'ने हेच काम गेममध्ये आणलं आणि निंटेंडो डीएसच्या खालच्या पडद्यावर पेनाने नकाशा काढायला लावला.

हाताने काढलेल्या नकाशात न गेलेली वाट रिकामी दिसते, आणि ती रिकामी जागाच पुढे कुठे जायचं ते सांगते. नोंदींचा दुसरा फायदा म्हणजे मध्ये दोन महिने खंड पडला तरी गेम सोडून द्यावा लागत नाही. खेळ बंद करताना 'आता काय करत होतो आणि पुढे काय करायचं' अशी एक ओळ लिहून ठेवा.

'अजून एकच' म्हणता म्हणता रात्र उलटून जाते. काय करावं?

'सिव्हिलायझेशन'च्या (१९९१) खेळाडूंमध्ये 'अजून एक टर्न' (टर्न म्हणजे आपली एक पाळी) हा वाक्प्रचारच रूढ झाला, म्हणजे तुम्ही एकटे नाही. असे गेम रचनेनेच असे असतात. एक काम संपायच्या आधी दुसरं सुरू झालेलं असतं: दोन टर्ननंतर शहर पूर्ण, तीन टर्ननंतर नवा शोध, पाचनंतर सैन्य पोचणार. सगळं एकदम संपलंय असा क्षणच येत नाही. त्यामुळे 'हे संपलं की उठतो' हा निश्चय तिथे टिकत नाही, यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही.

थांबायची खूण खेळायच्या आधी ठरवा, आणि ती गेमच्या स्वभावाप्रमाणे ठरवा. टप्प्यांचा गेम असेल तर 'हा टप्पा संपला की'. न संपणारा गेम असेल तर घड्याळ, आणि गजर उठायच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीचा, म्हणजे सेव्ह करून, नोंद लिहून उठता येतं. गजर हाताच्या अंतरावर नको, उठून बंद करावा लागेल इतका लांब हवा. स्पर्धेचे सामने असतील तर 'हरलो म्हणून अजून एक' हा नियमातून काढूनच टाका. हरल्यावर चिडून खेळलेला सामना सहसा आणखी वाईट जातो.

रोज लॉगिन केल्यावर मिळणारी बक्षिसं आणि मुदत असलेले पास (ठरावीक दिवसांत खेळलं तरच बक्षिसं देणारे) हा वेगळा मामला. तिथे गेम आवडीने नाही तर चुकेल या धाकाने उघडला जातो. नोटिफिकेशन बंद करा आणि आठवडाभर एकही बक्षीस न घेता बघा. गेमची आठवण आली तर तो तुम्हाला आवडतो. फक्त बक्षिसाचीच आठवण आली तर तो गेम काढून टाकायला हरकत नाही.

रोज किती तास खेळणं ठीक आहे?

तासांचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्या व्याख्येतही तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमलाच महत्त्व मिळत जाणं आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढणं या तीन गोष्टी बघितल्या जातात. त्यातून घर, नाती, शिक्षण किंवा काम यांवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो आणि हे साधारण १२ महिने दिसत असावं लागतं. सुट्टीत दिवसभर खेळलं म्हणजे आजार जडला असं नव्हे.

पण बारा महिने वाट बघत बसायचंही कारण नाही. झोप तुटतेय, जेवण टळतंय, किती खेळलो याबद्दल घरच्यांशी खोटं बोललं जातंय, किंवा खेळताना मजा येत नाही आणि तरी थांबता येत नाही, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. लवकर बोललेलं बरं असतं.

डोळे आणि मनगटं दुखतात, त्यावर काही?

दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा आणि पापण्या मुद्दाम मिटा, कारण पडद्याकडे बघताना त्या कमी लवतात. मनगट वाकडं ठेवून खेळू नका. बोटांत मुंग्या येत असतील किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही राहत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

अर्धवट राहिलेल्या गेमचं ओझं वाटतं. ते संपवायलाच हवेत का?

नाही. आवडला नाही तो सोडा. शेवट काय आहे याची उत्सुकता असेल तर वाचून किंवा बघून घ्या. गाईडचा तोही एक चांगला उपयोग आहे.

धाकटा भाऊ शेजारी बसून खेळतो आणि अडला की माझ्याकडे बघतो. सांगून टाकू का?

आधी त्याने विचारू द्या. अडलेल्या चेहऱ्याकडे बघवत नाही हे खरं, पण तो चेहरा पुष्कळदा विचार करत असतो. विचारलं तर उत्तराऐवजी प्रश्न द्या: 'मघाशी या खोलीत काय वेगळं दिसलं होतं?' कंट्रोलर मात्र हातातून घेऊ नका. 'दे इकडे, मी करतो' म्हणून पार केलेली लेव्हल त्याची राहत नाही. आणि त्याला तुमच्यापेक्षा वेगळ्याच मार्गाने जमलं तर 'असं नसतं करायचं' म्हणू नका. तो मार्ग नीट बघून घ्या, कदाचित गाईडमध्येही नसेल.

मला मराठीत गाईड लिहायचंय. सुरुवात कशी करू?

जो गेम तुम्ही दोनदा खेळलाय तो घ्या. पहिल्या खेपेला काय अडलं ते आठवतं, दुसऱ्या खेपेला ते का अडलं ते कळतं, आणि लिहायला दोन्ही लागतं. सर्वांत वर गेमची आवृत्ती, डिफिकल्टी आणि लिहिल्याची तारीख टाका. मेनू आणि वस्तूंची नावं गेममध्ये दिसतात तशीच ठेवा, भाषांतर करू नका, नाहीतर वाचणारा पडद्यावर ती शोधत बसेल. बाकी मजकूर मात्र समोर बसलेल्या मित्राला सांगावं तसा लिहा. प्रत्येक अडचणीला आधी इशारा, मग खाली जागा सोडून उत्तर. कथेतलं काही फुटणार असेल तर त्याच्या आधीच्या ओळीत सांगा. स्वतः करून न बघितलेलं काही लिहावंच लागलं तर 'ऐकीव' असं शेजारी लिहा. पॅच आला आणि एखादी युक्ती चालेनाशी झाली तर ती खोडू नका, 'अमुक आवृत्तीपर्यंत' अशी नोंद जोडा. जुनी आवृत्ती खेळणारं कुणीतरी कायम असतंच.